२५ मिमी जाड लोखंडी प्लेटला ४० मिमीचं भोक कसं पाडावं?

थेट ४० मिमीचं ड्रिल लावू नका. ड्रिलच्या टोकाची मधली आडवी धार धातू कापत नाही, नुसती दाबून रगडते. सगळा जोर तिथेच वाया जातो. म्हणून आधी सेंटर पंच (टोकदार पंचाने भोकाच्या मध्यावर खूण) मारा आणि त्या आडव्या धारेच्या लांबीपेक्षा किंचित मोठं, साधारण ८ ते १० मिमीचं पायलट होल, म्हणजे आधीचं छोटं भोक, पाडा. मग मोठं ड्रिल. मशीन हलकी असेल तर मध्ये २०-२५ मिमीचा एक टप्पा घ्या; टप्पे उगाच वाढवले तर ड्रिलचे कोपरे मात्र लवकर झिजतात.

बहुतेकांची चूक स्पीडमध्ये होते. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल आणि माइल्ड स्टीलसाठी कटिंग स्पीड, म्हणजे ड्रिलच्या कडेचा वेग, मिनिटाला २५ मीटर धरा. (१००० × २५) ÷ (३.१४ × ड्रिलचा व्यास ४०), म्हणजे साधारण २०० आरपीएम (मिनिटाला फेरे). ड्रिल किंचाळायला लागलं की आधी स्पीड कमी करा. कूलंट सोडत राहा आणि फीड (ड्रिल खाली सरकवण्याची गती) ठाम ठेवा, नुसतं घासत बसू नका.

अशी भोकं बरीच असतील तर माझं मत सरळ मॅग्नेटिक ड्रिल (चुंबकाने प्लेटला चिकटणारी ड्रिल मशीन) आणि ॲन्युलर कटर (आतून पोकळ कटर). हा कटर फक्त कडेचं कडं कापतो, मधला गोळा अख्खा बाहेर पडतो. त्याला पायलट होल पाडायचं नसतं. माप अगदी अचूक हवं असेल तर ३८ मिमीपर्यंत ड्रिल करून मग बोअरिंग करा, म्हणजे बोअरिंग टूलने भोक आतून कापत मापाला आणा.

प्लेट क्लॅम्पनेच धरा, हाताने कधीच नाही. आणि हातमोजे काढून ठेवा. फिरत्या ड्रिलमध्ये ते अडकले की हातही ओढला जातो.