छपरावर ऊन, तरी सेल्फ मरतो

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी 12 सीटर घेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं. छपरावर 300 वॉटचं सोलर, आत 100 एएचची (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम बॅटरी. फ्रिज, पंखा, दिवे झकास चालतात. पण गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली, की सेल्फ नुसता टकटक करतो. छपरावर एवढी वीज तयार होत असताना इंजिनाची बॅटरी कशी उतरते? धाकटे दीर म्हणतात, जाड केबलनं दोन्ही बॅटऱ्या जोडून टाका. जोडू का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, दिरांना सध्या चहा द्या, पाना देऊ नका.

तुमच्या गाडीत दोन वेगळे संसार आहेत. छपराची वीज कंट्रोलरमधून (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधली, चार्जिंग सांभाळणारी डबी) फक्त घराच्या, म्हणजे आतल्या लिथियम बॅटरीत जाते. इंजिनाच्या बॅटरीला भरणारा एकच, डायनॅमो, आणि तो इंजिन चालू असेल तरच कमावतो. खर्च मात्र गाडी उभी असतानाही सुरूच. घड्याळ, अलार्म, जीपीएस हे सगळे मिळून 50 मिलीअँपियर खात असले, तरी दिवसाला 1.2 एएच गेले. तीन आठवड्यांत पंचवीस. वर उन्हाळ्याच्या उष्णतेत बॅटरी आपणहून उतरते ती वेगळीच.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. जवाहर मार्गाजवळ तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलेला माणूस मी, आणि माझीच जीप मांडूला भर पावसात अडकली. चार पोरांनी धक्का मारला तेव्हा निघाली. त्यांच्या भुट्ट्यांचे पैसे मी दिले. घरी येऊन निगेटिव्ह केबल काढली, केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला (तार 10 अँपियरच्या भोकात, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो), दारं बंद करून अर्धा तास थांबलो. आकडा 0.18 अँपियर. मग एकेक फ्यूज उपसत गेलो. टेपच्या फ्यूजला आकडा एकदम 0.03 वर आला. ॲम्प्लिफायर चावीला न जोडता थेट बॅटरीवर टाकला होता. कोणी? मीच. 0.18 म्हणजे दिवसाला चार एएचच्या वर. 80 एएचची बॅटरी पंधरा दिवसांत आडवी.

म्हणून काही विकत घेण्याआधी ही गळती मोजून घ्या. आतलं काम करणाऱ्यानं पायरीवरची एलईडी पट्टी किंवा कॅमेरा इंजिनाच्या बॅटरीवर टाकला असण्याचा मला दाट संशय आहे. मोजताना सेल्फ मात्र मारू नका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी व्होल्टही बघा : 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. लेड-ॲसिड बॅटरी अशी अर्धीमुर्धी पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्वीसारखी भरतच नाही.

आता ती केबल. दोन्ही बॅटऱ्या थेट जोडल्या, तर फ्रिज रात्री दोन्हींतून पिणार. भरलेली लिथियम उतरलेल्या लेड-ॲसिडमध्ये बेलगाम करंट ढकलणार. आणि सेल्फ मारताना लागणारे शेकडो अँपियर लिथियममधूनही ओढले गेले, तर तिच्या आतली संरक्षक सर्किट घराची सगळी वीजच तोडू शकते. बाजारात व्होल्टेज बघून जोडणारी-तोडणारी रिले मिळते. दोन्हीकडे लेड-ॲसिड असेल तर ती ठीक. लिथियम नुसती बसूनही 13.2-13.3 व्होल्ट दाखवते, त्यामुळे चार्जिंग चालू आहे की बंद, हे त्या रिलेला नीट कळत नाही.

तुम्हाला हवा आहे तो घराच्या बॅटरीतून इंजिनाच्या बॅटरीला दोन-चार अँपियर देणारा छोटा ट्रिकल चार्जर. एकाच दिशेनं वीज नेणारा आणि घराची बॅटरी उतरू लागली की आपणहून थांबणारा बघून घ्या. 50 मिलीअँपियरची भरपाई करायला त्याला दिवसातला तासभर पुरतो. वायर 2.5 चौरस मिमीची, आणि फ्यूज दोन्ही टोकांना, दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ. एका टोकाला लावून भागत नाही, कारण वीज दोन्हीकडे आहे. मध्ये कुठे वायर घासून बॉडीला टेकली, तर आग कुठल्याही टोकाकडून लागेल.

कंट्रोलरवर दुसऱ्या बॅटरीची वेगळी जागा असेल, तर चार्जरचाही खर्च वाचला. आधी त्याचं माहितीपत्रक काढून बघा. आणि गाडी कडुनिंबाखाली लावत असाल, तर ती सावली काढा किंवा गाडी हलवा. पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावलीसुद्धा वीज बरीच खाते.

दिरांनी केबल आणलीच असेल तर परत पाठवू नका. अशीच एक काळीही आणायला सांगा, चारी टोकांना चिमटे लावून घ्या आणि सीटखाली टाका. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घ्यायला उपयोगी पडेल. मांडूला माझ्याकडे तेवढंच नव्हतं.