रायफलचा स्कोप (नेमाची दुर्बीण) 100 यार्डवर झिरो करू, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर बसेल असा लावू, की 200 वर? गोळ्या एकदा डावीकडे, एकदा वर का जातात?

डायल सोडा आधी, स्क्रू बघा.

तुम्ही लिहिलंय रायफल .308 कॅलिबरची आहे, दुकानातून बोअरसाइट करून (स्कोप नळीच्या रेषेत ढोबळ जुळवून) आणली, तरी गोळ्या भरकटतायत. वाचून जुनं दुखणं वर आलं. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो. माझ्या पहिल्या वर्षी शिकवायला आमचे साडू. त्यांनी तोवर दोन हरणं मारलेली, म्हणजे द्रोणाचार्यच. रेंजवर 25 यार्डवर टार्गेट लावलं, दिवाळीचा उरलेला चिवडा खात बसले आणि मी एक गोळी मारली की लगेच टरेट (स्कोपवरचं क्लिक-क्लिक फिरणारं डायल) फिरवायचे. गोळी एक इंच खाली, तर चार क्लिक वर. अहो, चार क्लिकला एक इंच हा हिशोब 100 यार्डचा, पाव एमओएच्या (कोनाचं माप, 100 यार्डला दर क्लिकला साधारण पाव इंच) स्कोपवर. 25 ला सोळा लागतात! मला तेव्हा कुठे माहीत, वीस काडतुसांचा आख्खा डबा संपला आणि शेवटी "चालतंय, जंगलात लागेल" म्हणून घरी.

जंगलात काय, मचाणावर बसलो, साठ यार्डावर बक (नर हरीण) आडवा उभा, चाप ओढला, आणि तो पांढरी शेपटी वर करून गेला निघून. बर्फात रक्ताचा थेंब नाही. साडू म्हणाले, "हात हलला तुझा." पुढे प्रत्येक गणपतीला, प्रत्येक पॉटलकला हेच, हात हलला.

घरी बेसमेंटमध्ये रायफल पुसताना स्कोपला अंगठ्याने रेटलं तर हललं ना ते! रिंगच्या खाली जो बेस असतो त्याचा पुढचा स्क्रू चक्क बोटाने फिरत होता. दुकानात बसवून दिलेला. मग मी सगळं उतरवलं, तेल पुसलं, इंच-पाउंडवाल्या टॉर्क रेंचने कंपनीच्या कागदावरच्या आकड्याएवढं आवळलं आणि प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपेंटची बारीक रेघ ओढली, स्क्रू सरकला की रेघ तुटते. साडू त्या नेलपेंटला हसले. हसू देत.

नंतर 25 वर कागदावर आणलं, मग 100 वर सँडबॅगवर ठेवून तीन-तीन गोळ्या, नळी गार होऊ देऊन, आणि तिन्हींचा मध्य बघून मगच क्लिक. एका गोळीवर टरेट फिरवणारा माणूस आयुष्यभर फिरवतच राहतो.

100 की 200? तुमच्याकडे जंगल असेल तर 100, विषय संपला. आमच्या मचाणावरून ऐंशीच्या पुढचं दिसतच नाही तरी साडूंचा 200 चा हट्ट. मोकळं शेत असेल तर 100 ला गोळी दोनेक इंच वर लागेल असं ठेवा, साधारण 200 ला मध्यावर येते, पण 200 च्या कागदावर मारून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आणि शिकारीला जी काडतुसं नेणार तीच रेंजवर वापरा.

हो, अमेरिकेत एच-वनबीवर (कामाच्या व्हिसावर) असाल तर हंटिंग लायसन्सशिवाय बंदुकीला हात लावू नका, कायदा कडक आहे. भारतातून विचारत असाल तर हे सगळं विसरा, तिकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार म्हणजे तुरुंग.

साडू हे वाचत असतील तर काडतुसांचा एक डबा अजून येणे आहे.