हिवाळ्यात गोबरगॅस कमी का पडतो?
रावेरकडचा प्रश्न: उन्हाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, पौषात मात्र शेगडी मिणमिणते. कारण थंडीच. टाकीत शेणापासून गॅस बनवणारे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमात असतात, २० च्या खाली सुस्तावतात.

२ घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पाणी ड्रममध्ये उन्हात तापवून दुपारी शेण कालवा, भल्या सकाळी नको. घुमटावर कडबा किंवा वाळलेली केळीची पानं जाड पसरा. गॅस कमी म्हणून शेण वाढवू नका, हीच मोठी चूक! न पचलेला काला तसाच बाहेर पडतो. खरकटं, केळीची सालं जास्त गेली तर टाकी आंबते. गॅस येतो पण पेटत नाही. मग चार-पाच दिवस भरणं थांबवा, दुसऱ्या चालू प्लांटची स्लरी (बाहेर पडणारा पातळ काला) दोन-तीन बादल्या घाला. ज्योत फडफडत असेल तर नळीत साचलेलं पाणी काढा.