दिवाळीच्या सुमारास फुलणारे कंद नागपुरात लावता येतील का?

परदेशी व्हिडिओत हिरवळीतून पान नसताना थेट जांभळी फुलं वर येतात, तसले कंद आत्ता सप्टेंबरात मागवून लावू का, असं तुम्ही विचारलंय. ते कोल्चिकम. मागवाल तर पहिल्या वर्षी कदाचित फुलेलही, कारण फुलापुरती शिदोरी कंदातच असते. खिडकीत नुसता कोरडा ठेवला तरी फुलतो. दुसऱ्या वर्षी मात्र आशा धरू नका. हे कंद कोरड्या उन्हाळ्यात झोपतात आणि नंतरच्या गारव्यात जागे होतात. आपल्याकडे नेमकं त्यांच्या झोपेत आभाळ फाटतं, आणि त्यात आपली काळी माती. पाणी धरून बसते ती बसतेच.

मीही हौशीने केशराचे कंद मागवले होते. जुलैच्या शेवटी कुंडीत लावले, तान्ह्या पोळ्याला उकरून पाहिले तर पिलपिले. विकणाऱ्याला काय बोलणार, माती माझीच होती.

मग इथे काय फुलतं? माझं मत सरळ गुलछडीला. निशिगंध म्हणा, रजनीगंधा म्हणा, एकच. मूळची मेक्सिकोची, पण नागपूरचं ऊन तिला मानवतं, पाणी तेवढं चुकवू नका. एप्रिल-मेमध्ये लिंबाहून थोडे लहान, टणक कंद निवडा आणि दोन बोटं खोल लावा. काळ्या मातीत निम्मी कन्हानची रेती आणि शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करा. अर्धी लढाई तिथेच जिंकता. पावसाळ्यात दांडे येऊ लागतात आणि कोजागिरीच्या रात्री अंगण घमघमतं. वासासाठी एकेरीच घ्या, 'प्रज्वल' किंवा 'शृंगार'. दुहेरी फूल दिसायला भरगच्च, पण वासात मला फिकं वाटतं. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी उकरून वेगळी करा.

कडेला पांढरी रेन लिली लावा. पात कांद्यासारखी, निगा जवळपास शून्य, ऑक्टोबरपर्यंत फुलं. सावलीत नळाजवळ ओल राहत असेल तर सोनटक्का. उन्हात लावाल तर मे महिन्यात पानं करपतील.

कळलावीही याच दिवसांतली, कुंपणावर पेटल्यासारखी दिसते. पण तिच्या नांगराच्या आकाराच्या कंदात कोल्चिसिन असतं, म्हणजे तुमच्या त्या जांभळ्या फुलातलंच विष. घरात लहान मूल असेल तर दोन्ही नकोत.

आणि सप्टेंबरातच काहीतरी पेरायला हात शिवशिवत असतील तर पाऊस ओसरल्यावर ग्लॅडिओलसचे कंद लावा. दिवाळीला नाही, पण डिसेंबर-जानेवारीत फुलतील.