डिझाइनच्या फाइली हलवताना लाइट गेली, त्याचं उत्तर

भाऊ, प्रोग्रामचं नंतर बघू. आधी ज्याच्या डी ड्राइव्हवरून डिझाइनं हलवत होतात तो जुना संगणक बंद करा आणि कामगारांना सांगा, कुणीही चालू करायचा नाही. डी ड्राइव्हवर नवीन काही लिहिलं गेलं नाही, तर पुसलेल्या फाइली परत मिळायची आशा आहे. पुसणं म्हणजे ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद होते. साध्या, फिरणाऱ्या हार्डडिस्कवर मूळ मजकूर त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत तसाच पडून असतो. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क असेल तर मात्र ती मोकळ्या जागा स्वतःहून साफ करत सुटते, तिथे फार भरवसा नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तिकडे टाका आणि सापडलेल्या फाइलीही तिकडेच उतरवा. त्याच डी ड्राइव्हवर उतरवाल तर हाताने वाट लावाल.

आता तुमचा प्रश्न. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, सहाशेच्या वर बीएमपी (चित्राच्या) फाइली पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘शूटिल’ या तयार संचातल्या ‘मूव्ह’ने बाहेरच्या डिस्कवर नेत होतात, मध्येच लाइट गेली. शेवटच्या २७ फाइली नव्या डिस्कवर दिसतात, साइजही बरोबर, पण उघडत नाहीत. आणि डी वर मूळ फाइली नाहीत. तुम्ही विचारलंय, काम अर्धवट राहिलं तर मूळ फाइल जागेवर राहायला पाहिजे होती की?

पाहिजे होती, पण ‘मूव्ह’ या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात फाइल नेली, तर आतला मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. म्हणून ४ केबीची फाइल असो की ४ जीबीची, वेळ तेवढाच. ड्राइव्ह बदलला की हे जमत नाही. ‘शूटिल’ आधी नाव बदलून बघतं, ते फसलं की गुपचूप कॉपी करतं आणि लगेच मूळ फाइल पुसतं. कॉपी झाली की नाही हे ते कशावरून ठरवतं? ऑपरेटिंग सिस्टीमने ‘घेतलं’ म्हटलं यावरून. पण सिस्टीमने बाइट घेतले ते आधी मेमरीत. डिस्कवर ते सवडीने जातात. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, फाइलींच्या नोंदींचं जर्नल (बदलांची वही) ठेवते, आतल्या मजकुराचं नाही. त्यामुळे नाव आलं, साइज आली, पुसल्याची नोंदही झाली आणि मजकूर मेमरीत असतानाच लाइट गेली.

खात्री करायची असेल तर एक बिघडलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. धड बीएमपीच्या अगदी सुरुवातीला इंग्रजी बी आणि एम ही दोन अक्षरं दिसतात, पुढे सगळा कचरा. तुमच्या फाइलीत बहुतेक नुसती कोरी जागा दिसेल, म्हणजे आत सगळे शून्य. सेव्ह मात्र करू नका.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी याहून मोठा शहाणपणा केलेला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका नातेवाइकांच्या टॉवेलच्या कारखान्यात तीनशेवर डिझाइनं ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरात हलवायला असाच लूप लावला. फोल्डर तयार करायचा राहिला होता. पहिली फाइल गेली, तिचंच नाव ‘बॅकअप’ झालं. दुसरी तिच्यावर बसली, तिसरी दुसरीवर. एरर एकही नाही. विंडोजवर नुसतं ‘रिनेम’ वापरलं असतं तर दुसऱ्याच फाइलीला ते अडलं असतं. ‘मूव्ह’ मात्र अडल्यावर कॉपीकडे वळतं आणि कॉपी खुशाल वरून लिहिते. पाच मिनिटांनी हाती काय, तर ‘बॅकअप’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली एकच फाइल. निम्म्याअधिक डिझाइनांची पंच केलेली पुठ्ठ्याची कार्डं माळ्यावर सुतळीने बांधून ठेवलेली होती, त्यावरून ती परत काढली. बाकीची गेली ती गेली. त्या घरी जेवायला गेलो की अजून शेंगाचटणीबरोबर तो विषय वाढला जातो.

तेव्हापासून माझ्या प्रोग्राममध्ये ‘मूव्ह’ नसतं. कॉपी करणारा प्रोग्राम वेगळा, पुसणारा वेगळा, आणि पुसणारा त्याच दिवशी चालवत नाही.

कॉपी अशी करतो. जिथे फाइल जाणार तो फोल्डर प्रोग्रामनेच आधी तयार करायचा, आणि शेवटचा पत्ता देताना नुसता फोल्डर न देता फाइलच्या नावासकट पूर्ण द्यायचा. मग मजकूर थेट खऱ्या नावाने न लिहिता त्याच फोल्डरात ‘डॉट पार्ट’ शेपूट लावलेल्या तात्पुरत्या नावाने लिहायचा. त्याच फोल्डरात, हे महत्त्वाचं. काही जण तात्पुरती फाइल सी ड्राइव्हच्या टेम्पमध्ये करतात, मग शेवटचं नाव बदलणं दोन ड्राइव्हमधलं होतं आणि पुन्हा तेच रामायण. लिहून झालं की ‘फ्लश’, म्हणजे पायथनने स्वतःजवळ राखलेलं सिस्टीमच्या हवाली करणं, त्यानंतर पायथनच्याच ‘ओएस’ संचातलं ‘एफसिंक’. हे सिस्टीमला सांगतं, मेमरीतलं आत्ता डिस्कवर टाक, तोवर मी थांबतो. ‘शूटिल’च्या ‘कॉपी-टू’ने कॉपी केली असेल तर फाइल ‘आर प्लस बी’ (वाचणं-लिहिणं दोन्ही) मोडमध्ये परत उघडून एफसिंक द्या. नुसत्या वाचायला उघडलेल्या फाइलवर विंडोजमध्ये ते चालत नाही. याने वेग पडतो, प्रत्येक फाइलमागे थोडं थांबावं लागतं. पडू दे. डिझाइन रोज हलवायची वस्तू नाही.

मग मूळ आणि नवी, दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा फाइलीचा ठसा) काढून जुळवायचा आणि जुळला तरच तात्पुरतं नाव बदलून खरं नाव द्यायचं. लाइट कधीही जाऊ दे, फार तर ‘डॉट पार्ट’ फाइली उरतील. त्या पुसा आणि पुन्हा चालवा.

इथे एक गोम आहे. नुकतीच लिहिलेली फाइल वाचायला गेलात तर सिस्टीम ती बहुधा मेमरीतूनच काढून देते, डिस्कला हातही लावत नाही. म्हणून मी प्रत्येक फाइलचं नाव, साइज आणि हॅश एका सीएसव्ही फाइलीत, म्हणजे साध्या तक्त्यात, लिहून ठेवतो. सगळं झालं की डिस्क ‘इजेक्ट’ करून काढतो, पुन्हा जोडतो आणि यादीवरून परत तपासतो. ही दुसरी तपासणी खरी. पुसणारा प्रोग्राम हीच यादी वाचतो आणि जिच्यापुढे ‘जुळली’ लिहिलंय तेवढीच फाइल पुसतो.

तीन संगणकांवरची डिझाइनं एका फोल्डरात गोळा करायचा विचार असेल तर आणखी एक. आपल्याकडे प्रत्येक डिझायनरच्या संगणकावर ‘न्यू १’ आणि ‘फायनल’ असतंच. नाव आधीच असेल तर हॅश बघा: सारखा असेल तर सोडून द्या, वेगळा असेल तर नवीला शेपूट जोडा. वरून लिहायचं नाही. पायथन ३.३ पासून ‘ओपन’ला ‘एक्स’ मोड आहे, फाइल आधीच असेल तर तो लिहायलाच नकार देतो. ‘आहे का’ बघून मग लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण बघण्या-लिहिण्याच्या मधल्या क्षणात दुसरा प्रोग्राम त्याच नावाची फाइल करू शकतो. विंडोज नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सहसा वेगळी मानत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रोग्राम लिहायचाच नसेल तर विंडोजमध्ये फाइली कॉपी करणारी ‘रोबोकॉपी’ ही तयार आज्ञा आहे, पण ‘मिरर’चा पर्याय लावू नका. मूळ जागी जे नाही ते तो दुसरीकडूनही पुसतो. शिवाय फाइल अडली तर तो मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे एका अडलेल्या फाइलपायी ३४७ दिवस. यंदा गड्ड्याच्या यात्रेला लावलात तर पुढची यात्रा तोंडावर येईल. प्रयत्न आणि सेकंद दोन्ही कमी करून द्या. आणि त्याचा एक्झिट कोड, म्हणजे काम संपल्यावर तो देतो तो आकडा, १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. चूक ८ पासून पुढे.

आता नोटपॅडमध्ये काय दिसलं ते सांगा, आणि डी ड्राइव्ह फिरणारी डिस्क आहे की एसएसडी, तेही. रिकव्हरीला कुठून हात घालायचा ते त्यावर ठरवू.