कर्नलची मेमरी गळतेय, पण नक्की कुठून? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई, मी देवगडला घरूनच काम करतो, लिनक्समधल्या एक्सएफएस फाईलसिस्टमच्या एका पॅचचं (कोडमधल्या बदलाचं) टेस्टिंग सध्या माझ्याकडे आहे. रात्री व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) एक्सएफएसटेस्ट्स हा फाईलसिस्टमच्या टेस्ट्सचा संच लावून झोपतो, कर्नलमधली मेमरीची गळती शोधणारं केमेमलीक चालू ठेवलंय. सकाळी बघितलं तर जेनेरिक ४७५ या टेस्टच्या नावाखाली लीक (घेतलेली पण परत न सोडलेली मेमरी), तीच टेस्ट एकटी चालवली की काही नाही, आणि दुसऱ्या रात्री लीक भलत्याच टेस्टच्या नावावर. त्यात पावसात लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून. दोष पॅचचा धरू की केमेमलीकचा?
– एक वाचक, देवगड

उत्तर : एवढ्यात कोणाचाच धरू नका. टेस्टचं नाव का बदलतंय ते आधी बघू, कारण खरी मेख तिथेच आहे.

केमेमलीक कर्नलमध्ये २००९ पासून, म्हणजे लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीपासून आहे. केमॅलॉक, व्हीमॅलॉक (कर्नलची मेमरी मागायची फंक्शन्स) किंवा स्लॅब कॅशमधून (एकाच साईजच्या ब्लॉक्सच्या साठ्यातून) कोणी ब्लॉक घेतला की बॅकट्रेससकट, म्हणजे कुठल्या फंक्शन्समधून मागणी आली त्या यादीसकट, त्याची नोंद ते ठेवतं, आणि स्कॅन करताना कर्नलचा डेटा, स्टॅक, बाकीचे ब्लॉक असं सगळं चाळून बघतं की या ब्लॉककडे बोट दाखवणारा पॉइंटर (त्याचा पत्ता) कुठे उरलाय का. नसेल तर ब्लॉक बेवारस. पण पॉइंटर त्या क्षणी सीपीयूच्या रजिस्टरमध्येही असू शकतो ना, म्हणून ५ सेकंदांपेक्षा नवा ब्लॉक ते रिपोर्टच करत नाही, आणि ज्याच्यातला मजकूर मधल्या काळात बदललाय तोही पुढच्या स्कॅनवर ढकलतं. म्हणजे टेस्टच्या अगदी शेवटी जे गळलं ते पुढच्या टेस्टच्या खात्यात जाऊन बसू शकतं. एक्सएफएसटेस्ट्सचा स्वतःचा इशाराही हेच सांगतो, लीक आधीच्या टेस्टचा असू शकतो किंवा टेस्टशी काहीच संबंध नसलेलाही.

तेव्हा टेस्टचं नाव बाजूला ठेवा आणि रिपोर्ट वाचा. त्यात ब्लॉकचा पत्ता, साईज, प्रोसेसचं नाव, पहिल्या काही बाईट्सचा हेक्स डंप (आतला मजकूर आकड्यांत) आणि खाली बॅकट्रेस असतो. प्रोसेस एफएसस्ट्रेस (फाईलसिस्टमवर रँडम कामांचा मारा करणारा प्रोग्राम) किंवा माउंट असेल आणि बॅकट्रेसमध्ये एक्सएफएसची फंक्शन्स दिसत असतील तर प्रकरण तुमच्या अंगणातलं. यूएसबी नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर दिसला तर तो रिपोर्ट वेगळा काढून ठेवा आणि पुढे चला. आणि हे नीट लक्षात ठेवा, बॅकट्रेस सांगतो ब्लॉक घेतला कोणी. सोडायचा कोण विसरला ते तो सांगत नाही, ते कोड वाचूनच शोधावं लागतं.

४७५ वर माझा संशय तरीही राहील. त्या टेस्टमध्ये एफएसस्ट्रेस चालू असतानाच खालचं डिव्हाईस एरर द्यायला लागतं, फाईलसिस्टम शटडाऊन होते, मग परत माउंट आणि लॉग रिकव्हरी (अर्धवट राहिलेले बदल नोंदींवरून पुरे करणं), आणि हे पुन्हा पुन्हा. एरर आली म्हणून फंक्शनमधून अर्ध्यातूनच बाहेर पडणारा जो कोड असतो ना, लीक बहुतेक वेळा तिथेच सापडतात, आणि रोजच्या वापरात त्या वाटेला कोणी जातच नाही. एफएसस्ट्रेसचं काम रँडम असल्यामुळे एकदा चालवून काही दिसलं नाही याला फारसा अर्थ नाही. ४७५ च्या आधीच्या चार-पाच टेस्ट्स त्याच क्रमाने सोबत घ्या आणि एक्सएफएसटेस्ट्सच्या चेक स्क्रिप्टला आय ऑप्शन (किती फेऱ्या ते सांगणारा) देऊन तोच गठ्ठा परत परत चालवा. मग पॅच काढून तसंच करा. पॅच असताना तोच बॅकट्रेस पुन्हा पुन्हा येतोय आणि काढल्यावर येत नाही, असं झालं तर पॅचमध्येच शोधा.

एक्सएफएसटेस्ट्सच्या कॉन्फिगमध्ये यूज केमेमलीक येस करून ठेवा, म्हणजे केमेमलीकचा दर १० मिनिटांचा आपोआप होणारा स्कॅन बंद होतो, जुने लीक साफ होतात आणि प्रत्येक टेस्टनंतर मुद्दाम दोनदा स्कॅन होतो. हाताने करत असाल तर तुम्हीही दोनदाच करा. केमेमलीकच्या रिपोर्टची फाईल कोरी दिसली म्हणून मात्र लगेच खूश होऊ नका, कारण स्वतःच्या नोंदींना मेमरी मिळाली नाही की केमेमलीक स्वतःच बंद पडतं, तेव्हा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या मेसेजेसमध्ये) लीक डिटेक्टर डिसेबल्ड अशी ओळ आहे का ते आधी बघा.

लाईटचं म्हणाल तर केमेमलीकचा रिपोर्ट मेमरीतच असतो, मशीन बंद पडलं की गेला. टेस्टनंतर तो रिझल्ट्सच्या फोल्डरमध्ये लिहिला जातो, ते फोल्डर व्हीएमच्या बाहेर होस्टच्या डिस्कवर ठेवा आणि सिरीयल कन्सोलही (जिथे कर्नलचे मेसेज छापले जातात) होस्टवरच्या फाईलमध्ये वळवा. जून-जुलैत अख्खा संच एका दमात लावूच नका, आपल्याकडची लाईट काय भरवशाची नाही, ग्रुप पाडून चालवलं की गेलेलं काम थोडक्यात भरून निघतं. व्हीएमला रॅमही बेताचीच द्या, चाळायचं कमी म्हणजे स्कॅन लवकर उरकतो.

प्रश्न : ताई, मी चिपळूणला इंजिनीअरिंगला आहे. टेस्ट चालवल्यावर स्लॅबची मेमरी वाढतच जाते पण केमेमलीक गप्प. मग हा लीक आहे का?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : आधी मेमइन्फो या कर्नलच्या मेमरीच्या हिशेबातल्या एसरिक्लेमेबल (लागली तर परत घेता येणारी स्लॅब) आणि एसअनरिक्लेम (परत घेता न येणारी) या दोन ओळी वेगवेगळ्या बघ. पहिली वाढत असेल तर ते बहुतेक आयनोड आणि डेंट्रीचे (फाईल्सच्या आणि त्यांच्या नावांच्या माहितीचे) कॅशे असतात, रूट होऊन ड्रॉप कॅशेस या फाईलमध्ये २ लिहिलंस की बरेचसे खाली येतील, तो लीक नव्हे. दुसरी दर फेरीला वाढतेय आणि खाली येतच नाही, तर स्लॅबटॉप ही स्लॅब कॅशेसची यादी दाखवणारी कमांड लावून कुठला कॅश फुगतोय ते शोध. ब्लॉक एखाद्या लिस्टमध्ये अडकून राहिला किंवा रेफरन्स काउंट (तो किती जण वापरताहेत तो आकडा) उतरलाच नाही तर पॉइंटर शाबूत असतो, त्यामुळे केमेमलीकला तो दिसतच नाही. शिवाय थेट पेज अलोकेटरकडून घेतलेल्या पानांचा हिशेब ते ठेवत नाही. अशा वेळी फाईलसिस्टम अनमाउंट करून मॉड्यूल काढून बघ. बिझी आयनोड्सची तक्रार आली किंवा स्लॅब कॅशमध्ये अजून ऑब्जेक्ट्स आहेत असं कर्नलने म्हटलं, तर गळती आहे. तो मेसेज आणि स्लॅबटॉपचा आधीचा-नंतरचा आउटपुट पाठव, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.