उत्तर: पूरग्रस्त गावात सेवेला आहे, मदतीच्या तंबूतच प्रार्थना सुरू करू का?

प्रभूमध्ये सलाम.

तुमची पोस्ट दोनदा वाचली. परंडा तालुक्यातलं सीनाकाठचं गाव, सप्टेंबर २०२५ च्या पुरात खरवडून गेलेली रानं. लोक किट घेतात, पण बोलत नाहीत. तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेचं कार्यालय मात्र दर आठवड्याला फोटो आणि प्रार्थनेला आलेल्यांचा आकडा मागतंय. म्हणून तुम्ही विचारता की मदतीच्या तंबूतच संध्याकाळची प्रार्थना सुरू करावी का.

माझं उत्तर, नका करू. वाटप, नोंदवही, पावत्या हे तुम्हाला येतंच, त्यावर लिहीत नाही. त्या आकड्याबद्दल लिहितो, कारण त्यानं माझी तीन वर्षं खाल्ली.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. लोक रात्री गणपती बोळवून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपेतच अंगावर आलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला उमरगा तालुक्यातल्या एका गावात प्रचारक म्हणून पाठवलं. पत्र्याच्या शेडांची रांग होती, आमचं शेड शेवटचं. आमच्याकडं कंदील होता. अंधाराची आणि भिंतीची सगळ्यांनाच धास्ती, म्हणून रात्री माणसं कंदिलाजवळ येऊन बसायची. मी जेवणाआधी प्रार्थना करायचो, तेव्हा तीही गप्प बसायची. पोरं गेलेली एक आजी माझ्या शेजारी बसून नुसती माझ्या हातावर हात ठेवायची. बोलणं काही नाही.

डिसेंबरात कार्यालयाचा छापील तक्ता आला. त्यात एक रकाना होता, ‘प्रार्थनेस येणारे व शोधक, नावानिशी’. शोधक म्हणजे ख्रिस्ती विश्वासाकडं ओढा असलेले. मी प्रामाणिकपणे तेवीस नावं लिहिली. सोबत कंदिलाभोवती बसलेल्यांचा एक फोटो. कुणालाच विचारलं नाही. विचारायला हवं, हे डोक्यातच आलं नाही.

ती नावं कार्यालयानं देणगीदारांच्या पत्रिकेत छापली, तीही ‘प्रभूकडे वळलेली भूकंपग्रस्त कुटुंबे’ अशा मथळ्याखाली. पत्रिका सोलापुरात कुणाच्या तरी पाहुण्याच्या हाती लागली आणि मार्चमध्ये गावात आली. यादीतला एक जण दरसाल पंढरीची वारी करणारा. बायको आणि लेक दोघी गेलेल्या. त्याचा थोरला भाऊ ते पान घेऊन आला. आवाज न चढवता एवढंच म्हणाला, “दादा, आमच्या मेलेल्यांच्या नावावर तुम्ही पैसे मागितले का?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाटलेल्या चादरी शेडापुढं घड्या घालून ठेवलेल्या होत्या. आजीचीही त्यात होती.

मी कार्यालयाला लिहिलं, दुरुस्ती छापा, माफी मागा. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अहवाल पुढं गेला आहे, आता बदल शक्य नाही. गावात तोंड मला दाखवायचं होतं, त्यांना नाही. आजही हे लिहिताना राग येतो. वातानुकूलित खोलीत बसून सेवकाकडं आत्म्यांचा हिशेब मागणाऱ्यांनी एक रात्र त्या शेडात काढायला हवी होती. पण सही माझी होती, हेही तितकंच खरं.

हा संशय आपल्या पाठीशी जुना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगरकडे ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या, तेव्हापासून भाकरीसाठी धर्म हा शब्द आपल्याला ऐकावा लागतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणून जगवलं, त्यांनाही तो चुकला नाही. तेव्हा तुम्ही अन्न आणि उपासना एका छताखाली ठेवलीत, तर गावानं वाईट अर्थ काढला म्हणून गावाला दोष देऊ नका.

मात्र आपण कोण ते लपवूही नका. सरपंचांना, तलाठ्यांना पहिल्या भेटीतच सांगा की मी ख्रिस्ती आहे, मंडळीनं पाठवलंय. उपासना रविवारी आपल्या खोलीवर, नाहीतर जवळच्या मंडळीत करा. कुणी आपणहून म्हणालं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर त्यांच्या घरी जा आणि थोडक्या शब्दांत करा. ‘ही देवाची इच्छा’, ‘देव परीक्षा पाहतोय’ हे बोलू नका. मी एका बाईला बोललो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चूल फुंकत राहिली.

चादरी परत आल्यावर माझ्याकडं वाटायला काही उरलं नाही, तेव्हा अर्ज लिहायला बसलो. सामुदायिक चितांमुळं कित्येकांच्या मृत्यूची नीट नोंद नव्हती. विधवांची नावं सातबाऱ्यावर चढली नव्हती, आणि पुनर्वसनातलं घर जमिनीवर ठरत होतं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, जास्त जमीनवाल्याला ४५० किंवा ७५०. वारस नोंद वेळेत झाली नाही की बाई लहान घराच्या यादीत. दीड वर्ष मी फेरफाराच्या मागं फिरलो. त्या काळात माणसं पुन्हा बोलू लागली, पण कंदिलाजवळ कुणी आलं नाही.

तुमच्याकडंही तेच काम पडलेलं असणार. पंचनाम्यात नाव आहे पण ई-केवायसी अडकलंय, आधार आणि बँक खात्यातलं नाव जुळत नाही, जमिनीच्या सामाईक खात्यात भावाची सही नाही. मोबाइल आणि कागदांची पिशवी घेऊन ओसरीवर बसा. जुने कपडे मागवू नका, ९३ साली त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते.

कार्यालयाला लेखी कळवा की नावं आणि चेहरे पाठवणार नाही. किती अर्ज भरले, किती निकाली निघाले, एवढंच पाठवीन. परदेशी निधी असेल तर नियम वेगळे असतात, ते सीएला विचारा, माझं त्यातलं ज्ञान तोकडं आहे. तुमच्या पंथाची शिस्तही मला माहीत नाही, पाळकसाहेबांशी बोलून घ्या. कार्यालय चिडेल, कदाचित परत बोलावतील. तरीही माझं मत हेच.

आणि या आठवड्याचा तक्ता अजून पाठवला नसेल, तर थांबा. नावं खोडून त्यातले रकाने इथे लिहा. रात्री नऊनंतर मी असतो, आपण मिळून भरू.